लेकीच्या एम.ए.चा हिशोब



मागच्या महिन्यात आम्ही इंदापूर तालुक्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, चहा आला. मग कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "आमची पोरगी बी.ए.ला अर्थशास्त्रात कॉलेजात पहिली आहे. पुण्याला जाऊन एम.ए. करते म्हणते. तिचे वडील म्हणतात, बी.एड. नाही, नर्सिंग नाही, नुसतं एम.ए. करून काय मिळणार? आणि दोन वर्षांचा खर्च कुठून आणायचा? तुम्ही रेडिओवर एवढं बोलता, तर याचंही काही सांगा."

खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्हाला धड उत्तर देता आलं नाही. "बघू, शिष्यवृत्ती मिळते म्हणतात" एवढंच बोलून आम्ही उठलो. परतीच्या एसटीत मात्र चौघींनाही चैन पडेना. मग आम्ही वही काढली. कॉलेजच्या प्राध्यापकांना भेटलो, सेतू केंद्रात जाऊन बसलो, आणि नुकतंच एम.ए. केलेल्या आमच्याच दोन मुलींना समोर बसवून पै-पैचा हिशोब विचारला. आजचा भाग त्या मावशींसाठी आणि त्यांच्यासारख्या प्रत्येक घरासाठी आहे.

आधी हे शिक्षण कशाचं, ते बघू. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, भूगोल, मानसशास्त्र, स्त्री अभ्यास, समाजकार्य, ग्रामीण विकास ही सगळी सामाजिक शास्त्रं. नावं जड वाटतात, पण प्रश्न आपल्याच दारातले असतात. कालव्याचं पाणी एका गावाला मिळतं आणि पुढच्याला का मिळत नाही? ऊसतोडीला आलेल्या बाईच्या मुलांची शाळा कुठं सुटते? आपल्या बारामती तालुक्यातल्या सुप्याचंच बघा. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जाची खतं काढून जाळली. तिथून लोण गावोगाव पसरलं, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा करावा लागला. 'दख्खनचे दंगे' म्हणून देशोदेशीच्या अभ्यासकांनी यावर लिहिलं. आपल्या गावावर लिहायला बाहेरची माणसं येतात, मग आपली पोरगी का नको?

या सुप्याची आठवण आम्ही उगाच काढली नाही. कर्जाचा विषय पुढे येणारच आहे.

आता मावशींच्या यजमानांचा प्रश्न. पैसा कुठून आणायचा? हा प्रश्न नवा नाही, आणि तो मोठमोठ्यांना पडलेला आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि शिकून आल्यावर बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार. अर्थशास्त्रात एम.ए. झालं, पण लंडनचा अभ्यास अर्ध्यावर असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परत यावं लागलं. त्यांनी तो अभ्यास सोडून दिला नाही. चार वर्षांच्या आत परत येऊन पुरा करायची परवानगी घेऊन ठेवली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, मित्राकडून उसने घेतले, शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२०मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली तिथली डी.एससी. मिळवली.

दुसरं उदाहरण एका बाईचं. इरावती कर्वे यांनी मुंबई विद्यापीठातून समाजशास्त्रात एम.ए. केलं आणि १९२८मध्ये पीएच.डी.साठी जर्मनीला बर्लिनला गेल्या. पती दिनकर कर्वे यांचा पाठिंबा होता, पण सासऱ्यांना ते पसंत नव्हतं. सासरे कोण, तर ज्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढलं ते महर्षी धोंडो केशव कर्वे! म्हणजे शिकलेल्या घरातसुद्धा दोन मतं असतात. पैसे उभे राहिले ते जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जातून. १९३०मध्ये इरावतीबाई पीएच.डी. होऊन परत आल्या आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी आयुष्यभर काम केलं.

या दोन गोष्टींतून आम्ही एवढंच घेतलं की कुणाचंही शिक्षण एकाच पैशावर पुरं झालं नाही. थोडी शिष्यवृत्ती, थोडी कमाई, थोडं कर्ज, थोडी घरची मदत. आणि दुसरं, पैशाला मुदत असते. ती मुदत जिला आधी ठाऊक असते, तिचं शिक्षण अडत नाही.

आता वही उघडू. सामाजिक शास्त्रांच्या शिक्षणाच्या दोन पायऱ्या आहेत आणि दोन्हींचा हिशोब वेगळा आहे. पहिली पायरी एम.ए. तिथं बहुतेक खर्च घराला करावा लागतो. दुसरी पायरी पीएच.डी. तिथं शिकणारीलाच दरमहा पैसे मिळू शकतात. या दोन पायऱ्यांच्या मध्ये एक दार आहे, त्याचं नाव नेट परीक्षा.

पहिल्या पायरीचा खर्च बघू. सरकारी विद्यापीठाच्या विभागात एम.ए.ची फी हा खर्चाचा लहान भाग असतो. खरा खर्च राहण्या-जेवण्याचा. आमच्या मुलींबरोबर बसून आम्ही पुण्याचा असा अंदाज धरला: खोलीतली कॉट ४,००० रुपये, मेस ३,५००, प्रवास आणि मोबाइल १,०००, झेरॉक्स, पुस्तकं, औषधपाणी १,०००. महिन्याचे ९,५०० झाले. वर्षाचे दहा महिने धरले तर ९५,०००, आणि दोन वर्षांचे १ लाख ९० हजार. हे आकडे आमचे आहेत. तुम्ही तुमचे घाला, पण कागदावर घाला. "लई पैसे लागतात" हे वाक्य घरात फिरत राहिलं की पोरगीच गप्प बसते. आकडा समोर आला की माणूस मार्ग शोधायला लागतो.

हा आकडा कमी कसा करायचा? पहिला मार्ग म्हणजे शिकायचं ठिकाण विचार करून निवडायचं. बारामतीचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ सालापासून आहे आणि तिथं पदव्युत्तर वर्ग चालतात. आपल्या विषयाचं एम.ए. बारामतीत किंवा इंदापुरात त्या वर्षी आहे का, हे आधी विचारा. घरून ये-जा करता आली तर खोली आणि मेस दोन्ही वाचतात. एसटीत १७ मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहेच. जिला गाव सोडताच येत नाही, तिच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू आहेत. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाच्या एम.ए.वरही नेट देता येते.

पुण्याला जायचं ठरलं तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे विभाग आहेत, तिथंच क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रही आहे. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० सालची, नाव मोठं, पण तिथं गणित पक्कं लागतं आणि फी विद्यापीठाच्या विभागापेक्षा जास्त. टाटा सामाजिक विज्ञान संस्था मुंबईत आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तिचा एक परिसर तुळजापूरला आहे आणि तिथं ग्रामीण भागाच्या प्रश्नांवरच भर असतो. इंदापूरकरांना सोलापूरमार्गे तो काही परका नाही. टाटा संस्था आणि दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ यांच्या एम.ए.साठी आता सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते. बंगळूरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ खासगी आहे आणि फी जास्त आहे, पण घरची परिस्थिती बघून ते फीत आणि राहण्या-जेवणातही सवलत देतं. म्हणून फीचा आकडा बघून लगेच पान उलटू नका. सवलत किती, तेही विचारा.

दुसरा मार्ग शिष्यवृत्तीचा. इथं आम्ही सावकाश सांगतो, कारण घोटाळा इथंच होतो.

केंद्राच्या विद्यापीठ अनुदान आयोगाची पदव्युत्तर शिक्षणासाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. महिना १५,००० रुपये, वर्षाचे दहा महिने, दोन वर्षं. म्हणजे वर्षाला दीड लाख. देशात १०,००० जागा आहेत आणि त्यातल्या ३० टक्के मुलींसाठी राखीव आहेत. निवड पदवीच्या गुणांवर होते. अट अशी की मुलगी पहिल्या वर्षाला नियमित वर्गात हवी, वय ३०च्या आत हवं. मुक्त विद्यापीठाला ही लागू नाही. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर करायचा. जी कॉलेजात पहिली आहे, तिनं हा अर्ज भरलाच पाहिजे.

राज्याच्या योजनांत राहण्या-जेवणाची सोय आहे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलींसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या मोठ्या शहरात तिच्यातून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. इतर मागासवर्गीय मुलींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिचीही मोठ्या शहरातली रक्कम तेवढीच. धनगर समाजाच्या मुलांमुलींसाठी स्वयंम नावाची आणि आदिवासी मुलांमुलींसाठीही याच धर्तीची योजना आहे. उत्पन्नाची आणि गुणांची अट प्रत्येकीत असते. आपला मघाचा हिशोब घ्या. ९५,०००मधून ६०,००० वजा केले की ३५,००० उरतात. दहा महिन्यांत भागले तर महिना साडेतीन हजार. आता हा आकडा घरात बोलता येतो की नाही?

एक सावधगिरी. २०२४ साली सरकारनं मुलींची पूर्ण फी माफ केली, असं सगळ्यांनी ऐकलंय. ती माफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साध्या एम.ए.ला ती लागू आहे असं धरून चालू नका. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा, आणि आपल्या अभ्यासक्रमाचं नाव महाडीबीटीच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

तिसरा मार्ग म्हणजे 'कमवा आणि शिका'. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही वाट दाखवली. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे आपण जाणतोच. आज पुणे विद्यापीठात आणि त्याच्या कॉलेजांत ही योजना चालते. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत दिवसातले काही तास काम करायचं आणि तासाप्रमाणे मोबदला घ्यायचा. त्यातून मेसचा बराच भार हलका होतो. आमच्यातल्या एकीच्या मुलीनं दोन वर्षं ग्रंथालयात काम केलं. ती म्हणते, पैशापेक्षा पुस्तकं ओळखीची झाली ते मोठं.

आणि चौथा मार्ग कर्ज. आता सुप्याकडची गोष्ट सांगतो. आमच्या ओळखीत तिकडच्या जिरायती भागातली एक मुलगी आहे. हुशार, तिला पुण्यात प्रवेश मिळाला. शिष्यवृत्तीला पात्रही होती. पण नॉन-क्रिमीलेयरचा दाखला हातात आला तेव्हा अर्जाची तारीख उलटून आठ दिवस झाले होते. वडिलांनी गावातून शेकडा दोननं एक लाख काढले. शेकडा दोन म्हणताना बारीक वाटतं. पण महिन्याला दोन हजार म्हणजे वर्षाला २४,००० नुसतं व्याज, दोन वर्षांचं ४८,०००. एम.ए. झालं, पण पहिल्या नोकरीचा पगार व्याजात गेला आणि नेटचा अभ्यास राहून गेला. दीडशे वर्षांपूर्वी ज्या सुप्यात कर्जाची खतं जाळली, तिथल्या लेकीनं एका दाखल्यापायी पुन्हा तसल्याच व्याजात पडावं, याचं आम्हाला फार वाईट वाटलं.

म्हणून कर्ज काढायचंच असेल तर बँकेचं शैक्षणिक कर्ज काढा. व्याज वर्षाला दहा टक्के धरलं तर लाखाला दहा हजार. चार लाखांपर्यंत साधारणपणे तारण मागत नाहीत, पालक सहकर्जदार असतात. हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षानं सुरू होतात. २०२४च्या अखेरीस आलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, सरकारनं निवडलेल्या संस्थांत प्रवेश मिळाला आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलं, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. आपल्या बचत गटाचं कर्जही बघा, पण त्याचा दर महिन्याचा आहे की वर्षाचा, हे नीट विचारा. दर महिन्याचा असेल तर बाराने गुणा, मगच सही करा.

आता मधलं दार, नेट. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते, साधारण जूनच्या आणि डिसेंबरच्या सत्रात. एम.ए.च्या शेवटच्या वर्षात असतानाच देता येते. एम.ए.ला खुल्या गटात ५५ टक्के, राखीव गटात ५० टक्के लागतात. यात वरचे गुण मिळवणाऱ्यांना जेआरएफ, म्हणजे संशोधनाची पाठ्यवृत्ती मिळते. २०२३पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. वर्षाचे चार लाख चव्वेचाळीस हजार झाले. एम.ए. करून काय मिळणार, याचं एक उत्तर हे.

आणि हे बायकांनी कान देऊन ऐका. जेआरएफला वयाची अट ३० वर्षांची आहे, पण बायकांना पाच वर्षांची सवलत आहे. म्हणजे ३५ वर्षांपर्यंत. नुसत्या नेटला, म्हणजे प्राध्यापक होण्याच्या पात्रतेला, वयाची अटच नाही. लग्न झालं, मूल झालं, चार-पाच वर्षं गेली, म्हणून दार बंद होत नाही.

जेआरएफ नाही मिळाली तरी पीएच.डी.साठी आपल्या राज्यात संस्था आहेत. मराठा आणि कुणबी समाजासाठी पुण्याची सारथी, अनुसूचित जातींसाठी पुण्याचीच बार्टी, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती. एकुलत्या एका मुलीसाठी सावित्रीबाई जोतीराव फुले यांच्या नावाची आयोगाची पाठ्यवृत्ती आहे. दिल्लीची भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद तर याच विषयांसाठी १९६९मध्ये निघाली. आमचं मत विचाराल तर पाठ्यवृत्तीशिवाय पीएच.डी.ला घाईनं बसू नका. आणि पैसे घेऊन प्रबंध लिहून देतो म्हणणारा कुणी भेटला, तर त्याला चहाही पाजू नका. पाठ्यवृत्तीचे पैसे दर महिन्याला वेळेवर येतीलच असंही नाही. पाच-सहा महिने तगता येईल एवढं बाजूला ठेवा.

परदेशाचं एक वाक्य. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी आहे, इतर समाजांसाठीही वेगळ्या योजना आहेत. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीतून मात्र २०२२पासून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाजाचा अभ्यास हे विषय वगळले आहेत. आपल्या विषयाच्या मुलींनी ही अट आधी वाचावी.

आता कागद. एक प्लॅस्टिकची फाइल घ्या. तिच्यात उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर, अधिवास, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि आधारला जोडलेलं बँक खातं. उत्पन्नाचा एका वर्षाचा दाखला साधारण ३१ मार्चपर्यंत चालतो, म्हणून नवं आर्थिक वर्ष लागलं की लगेच नवा काढा. तो तहसीलमधून मिळतो. बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुक्यांचं प्रांत कार्यालय बारामतीत आहे. जात वैधतेला महिनोन्‌महिने लागतात, तिची सुरुवात सगळ्यात आधी करा. शिष्यवृत्तीचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. खातं बंद पडलेलं नाही ना, हे बँकेत जाऊन बघा.

लग्न झालेल्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठी वेगळं. जात माहेरची धरतात, म्हणून ते कागद वडिलांकडून आणावे लागतात. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, यात अर्ज अडकतो. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचं राजपत्र जवळ ठेवा. आणि अजून लग्न व्हायचंय त्यांनी शिक्षण पुरं होईस्तोवर कागदावरचं नाव बदलायची घाई करू नये, एवढं सांगावंसं वाटतं.

आता वर्षाचं वेळापत्रक. हे तारखांनी नाही, सणांनी लक्षात ठेवू. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या आधीच्या उन्हाळ्यात कागदांची फाइल पुरी करा. दिवाळीच्या सुट्टीत कुठं जायचं ते ठरवा आणि अझीम प्रेमजीसारख्या खासगी विद्यापीठांच्या तारखा बघा. संक्रांतीच्या आसपास सीयूईटी-पीजीचे अर्ज सुरू असतात, परीक्षा साधारण मार्चमध्ये. उन्हाळ्यात पुणे विद्यापीठाचे अर्ज. तुकोबांची पालखी आपल्या बारामती-इंदापुरातून जाते, त्या दिवसांत प्रवेशांची धावपळ. आणि प्रवेश झाला की त्याच आठवड्यात वसतिगृह, महाडीबीटी आणि नॅशनल पोर्टल. गौरी-गणपतीची वाट बघत बसू नका. ज्या मुली नव्या पद्धतीनं चार वर्षांची ऑनर्स पदवी करतायत, त्यांचं एम.ए. एका वर्षाचं होतं. त्यांनी एका वर्षाच्या खोलीभाड्याचा हिशोब आताच मांडावा.

राहिला वडिलांचा प्रश्न. एम.ए. करून नोकरी लागते का? आम्ही गोड बोलणार नाही. कायम प्राध्यापकाच्या जागा कमी आहेत आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचे हाल आपण बघतो. पण या शिक्षणातून सर्वेक्षणाची, संस्थांची, संशोधनाची, पत्रकारितेची कामं मिळतात, स्पर्धा परीक्षांचा निम्मा अभ्यास होतो, आणि जेआरएफचं दार उघडतं. म्हणून आम्ही वडिलांना असं सांगू: दोन वर्षं आणि एक आकडा ठरवा. एम.ए.च्या शेवटच्या वर्षात आणि त्यानंतरच्या वर्षात मिळून नेटच्या तीन संधी पोरीला द्या. त्या काळात स्थळांचा विषय नको. नाहीच जमलं तर एम.ए. हातात आहेच, कर्ज मात्र डोक्यावर नसेल.

गेल्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. या वेळी बैठकीला मावशींची लेकही आली होती आणि दाराशी तिचे वडीलही उभे होते. आम्ही हिशोबाचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "महिना साडेतीन हजारच ना?" आम्ही म्हटलं, योजना मिळाली तर, आणि मिळण्यासाठी दाखला वेळेत हवा. ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक बारामतीला प्रांत कार्यालयात रांगेत उभे होते, असं मावशींनी फोनवर सांगितलं.

पोरीला प्रवेश मिळेल की नाही, ते तिच्या अभ्यासावर आहे. दाखला मात्र आता तारखेआधी निघेल. तुमच्या घरात शिकणारी लेक, सून किंवा भाची असेल, तर आज रात्री जेवणं झाल्यावर एवढंच करा. तिची फाइल काढा आणि कोणता कागद नाही ते बघा.